बेंबी जाग्यावर हाय

…न्हाई न्हाई, तुमी हसा की, तुमाला कोण अडवतंय, पर मला हसवू नका, टाके हाईत. ह्ये मी घरात पाय ठेवल्यापास्नं सांगत हुतो… बायकूला सांगितलं, आईला सांगितलं, आमच्या दोस्ताला, त्या जोतीरामला तर हात जोडून सांगितलं की बाबा, ह्या कमरंपास्नं त्या कमरंपातूर शिवलंय मला, पोत्याचं तोंड शिवत्यात तसं, आन् सांगलीच्या मॅडमनं बजावून सांगितलंय, हसायचं न्हाई, खोकायचं न्हाई, शिंक आली तर उशी पोटाला आवळून धरायची… एवढं समदं ऐकून घेतलं त्यानं, मान हालवली, आन् मी बाथरूमकडं निघालो तसं मागनं म्हणतोय कसा, "लालासाब, एवढं वाकून कुणाला मुजरा घालतोयास रं?" आता सांगा, ह्याच्यावर माणसानं करायचं काय? हसलो. आन् हसल्यावर पोटातनं जी कळ गेली… तुमाला सांगतो, आखाड्यात माज्या छाताडावर गडी बसल्यात, खांदा निखळलाय, कान फुटल्यात, तवा मी हूं का चूं केलं न्हाई, पर त्या एका हसण्यानं माज्या डोळ्याम्होरं काजवं चमाकलं.

तुमी म्हणशीला, झालंय तरी काय ह्या माणसाला. सांगतो. मी पलूसचा. स्टँडच्या मागं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय माजं, पाण्यातली मोटार जळली की आख्खा तालुका माज्याकडंच येतोय. पर त्याच्या आदी मी पैलवान. आन् पैलवानाचं एक दुखणं असतंय, त्ये कुठल्या डॉक्टरच्या बोर्डावर लिवल्यालं नसतंय… तालीम सुटते, खुराक सुटत न्हाई. दूध हाय तसंच, तूप हाय तसंच, बदाम हाय तसंच, फक्त जोर-बैठका गेल्या आन् त्यांच्या जागी खुर्ची आली. दिवसभर खुर्चीत बसून तांब्याची तार गुंडाळायची! तार मोटारीवर चढत गेली, चरबी माज्यावर. दीडशे किलो झालो, तरी गावात लोक काय म्हणायचं? "अंगानं भरलाय." आवं भरलाय कसला, उतू चाललाय!

मग साखर निघाली, बीपी निघालं, जिना चढताना धाप लागाय लागली. डॉक्टर म्हणलं, असंच चाललं तर मोटारीच्या आदी तुमीच जळशीला. मग मात्र मी पेटलो. कॅनॉलच्या कडंनं रोज पहाटंचं चालायला लागलो, भात सोडला, साखर सोडली, तूप सोडलं… तूप सोडलं त्या दिवशी आमच्या आईनं देवापाशी दिवा लावला, म्हणली, "पोराला कुणीतरी करणी केलीया." पर मी सोडलं न्हाई. दोन अडीच वर्सात दीडशेचा नव्वदावर आलो. लोक रस्त्यात वळकंनात. आता तुमाला वाटंल, झालं, संपलं, गोष्ट सुफळ संपूर्ण. कुठलं वो? माणूस आटला, कातडं आटंना!

ह्ये कुणी सांगतच न्हाई बगा. वजन कमी करा म्हणून समदी सांगत्यात, पर एवढ्या मोठ्या माणसाचं कातडं त्यातला माणूस निघून गेल्यावर कुठं ठेवायचं, ह्ये सांगतंय का कोण? पोटाचं कातडं हितं मांडीवर लोंबायचं. गाडीवर बसताना आदी त्ये उचलून घ्यायचं, नीट टाकीवर ठेवायचं, मग किक मारायची. उन्हाळ्यात त्या घडीत घाम, घामानं चट्टं, चट्ट्याच्या जखमा. आन् सगळ्यात वंगाळ म्हंजे, शर्ट काढायची सोय न्हाई. ढेरी हुती तवा बी काढत नव्हतो, आन् ढेरी गेली तर तिची पिशवी मागं राहिली! आमचं सगळं दोस्त कृष्णंला पवायला जायचं, आन् मी घाटाच्या पायरीवर बसून त्यांची कापडं राखायचो. लहानपणी जो पोरगा पुरात पैलतीराला जाऊन यायचा, त्यो आता कापडं राखतोय. कुणी इचारलं की सांगायचं, मला वाईच सर्दी हाय. वीस वर्सं सर्दी! लाज वाटायची वो. दुसरं काय?

तर बायकूनंच, विजयमालानं, कुठनं तरी ऐकून आणलं की सांगलीत एक मॅडम हाईत, राजनंदिनी नावाच्या, त्या ह्ये जादाचं कातडं कापून काढत्यात. गेलो. बघितलं तर माज्या पुतणीएवढी पोरगी. तिनं माज्या पोटावर निळ्या पेनानं रेघा मारल्या, जमीन मोजायला आल्यागत हिकडनं तिकडनं बघितलं, आन् म्हणली, "काका, हे सगळं निघेल. आतले सैल झालेले स्नायूही आवळून घेऊ." मी म्हणलं, घ्या. घरात आईला काय सांगायचं, ह्यो प्रश्न हुता. कातडं कापून घेणार म्हणलं असतं तर तिनं मला दाराला बांधून घातलं असतं. म्हणून सांगितलं, "हर्नियासारखं हाय बारीकसं." आता हर्नियासारखं म्हंजे काय, आन् बारीकसं म्हंजे केवढं, ह्ये तिनं इचारलं न्हाई आन् आमी सांगितलं न्हाई.

झालं ऑपरेशन. आन् खरं सांगू का? दुसऱ्या दिवशी मला धरून उभा केलं, कमरंत वाकल्याला, दोन्हीकडनं दोन नर्सा, आन् मी खाली बघितलं तर… पाय! माजं दोन्ही पाय, सगळीच्या सगळी बोटं, समूर! मधी कोण न्हाई, काय न्हाई! किती वर्सांनी भेट झाली आमची. अंगठ्याचं नख लय वाढलं हुतं. मी त्या नर्सबाईला म्हणलं, "बाई, माजं पाय बगा." ती म्हणली, "काका, सुजलेत का?" मी म्हणलं, न्हाई वो, हाईत… एवढंच.

मग घरी आलो. आता माजा अवतार ऐका. पाठ ताठ करायची न्हाई, टाके ताणत्यात, म्हणून वाकून चालायचं. पोटाला छातीपास्नं मांडीपातूर आवळ पट्टा. आन् पोटातनं दोन नळ्या बाहीर आल्याल्या, त्यांच्या टोकाला दोन रबरी फुगं, आतलं तांबडं पाणी साठायला. जुन्या ट्रकच्या भोंग्याला फुगा असायचा नव्हं का, हुबेहूब त्यो. दोन्हीकडं एकेक लोंबतोय. जोतीरामनं बघितलं आन् त्याचं हात शिवशिवाय लागलं. म्हणला, "एकदा दाबू का रं? वाजतोय का बगू." हसवू नका म्हणलं, टाके हाईत!

आन् आमची आई. आईनं मला बघितलं, वरनं खालपातूर. पोट कापून शिवलंय, एवढं ऐकल्यालं. पोटाला पट्टा बांधल्याला. जड उचलायचं न्हाई, वाकून चालायचं, पडून ऱ्हायाचं. सांगा बगू, आमच्या आईला आयुष्यात असलं एकच दुखणं ठावं हाय. त्याला काय म्हणत्यात? बाळतपण!

मग काय वो… मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आन् माज्या कानाला फडकं! "वारं शिरंल." खाटंखाली शेगडी. पाणी प्यायचं ते गरम, त्यात बाळंतशेपा. मी म्हणलं, आई, मी गडी हाय. ती म्हणली, "पोटाला काय ठावं गडी हाय का बाई हाय?" ह्याला उत्तर हाय का तुमच्याकडं? आन् मग सुरू झालं डिंकाचं लाडू. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप… ज्या तुपाला मी अडीच वर्सं त्वांड दाखवलं न्हाई त्ये तूप, मुठीएवढ्या लाडवात, सकाळ संध्याकाळ, खाटंच्या उशाला. मॅडमनी सांगितल्यालं, अंडी खा, डाळ खा, गोड बंद. माजा एकेक किलो मी कॅनॉलवर घाम गाळून उतरवल्याला, आन् ह्यो एकेक लाडू त्याला परत बोलवून आणणार. आईला न्हाई म्हणावं तर तिचं त्वांड एवढंसं हुतंय. मग मी काय करायचो, ती आत गेली की लाडू जोतीरामच्या हातात. त्यो रोज यायचा. का येत हुता त्ये मला मागनं कळलं… मी वाळत चाललो आन् जोतीराम सुटत चालला!

एकदा शेजारच्या मंगलवयनी दारातनं डोकावल्या. बघत्यात तर कानाला फडकं बांधून मी पडल्यालो, खाली शेगडी, उशाला लाडू. त्यांनी आईला इचारलं, "काय झालं वो?" आई काय बोलायच्या आत जोतीराम म्हणला, "पैलवान झालाय, नव्वद किलोचा. बाळ-बाळतीण एकच हाय, सुखरूप हाय." टाके हाईत म्हणतोय मी… उशी धरली पोटाला, दात खाल्लं, भिताडाकडं बघितलं, मयताला गेल्यालं आठवलं, तवा कुठं हसू आवरलं.

हितपातूर समदं गमतीत चाललं हुतं बगा. पर त्याच दिवशी माजी जीभ वळवळली. जोतीराम इचारत हुता, काय काय केलं म्हणून, आन् मी आपला फुशारकीनं सांगत हुतो… एवढं कातडं काढलं, वरचं कातडं खाली वढून आणून शिवलं, आन् मग बेंबी नव्या जागी बसवली. ह्ये मी बोललो, आन् स्वयंपाकघरात परात पडल्याचा आवाज आला.

आता तुमी शेरातली माणसं असशीला तर तुमाला कळायचं न्हाई, परात का पडली. आमच्या भागात बेंबी सरकणं म्हंजे साधी गोष्ट न्हाई. पोटात दुखलं, बेंबी सरकली. जुलाब झालं, बेंबी सरकली. तालमीत वजन उचललं आन् कसंतरी झालं, बेंबी सरकली. माजी तर लहानपणापास्नं कितींदा सरकली, मोजदाद न्हाई. आन् त्याला औषध एकच… फलटणची आत्ती. माजी सख्खी आत्ती, वडलांची भन. तिच्या हाताला गुण हाय म्हणत्यात. उताणं झोपवायचं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवायचा, पेटवायचा, आन् वरनं तांब्या पालथा घालायचा. दिवा इझतोय, तांब्या कातडं धरून जो वढतोय… आख्खं पोट तांब्यात येतंय की काय असं वाटतंय. मग फटकन् तांब्या सुटतोय आन् आत्ती म्हणतीया, "आली जाग्यावर." आन् आईच्या म्हणण्यानं, ज्याची बेंबी सरकून तशीच ऱ्हायली, त्या माणसाच्या अंगाला अन्न लागत न्हाई, त्यो झुरत जातो.

तर अशा घरात मी म्हणलं की मॅडमनी बेंबी सरकवली. ती बी मी पैसं देऊन!

आई भाईर आली न्हाई. रडली न्हाई, भांडली न्हाई. परड्यात जाऊन चुलवणाच्या दगडावर बसली. लाडू बंद, शेगडी बंद, बोलणं बंद. जेवायला बसली तर दोन घास खाऊन उठली. विजयमालानं समजावलं, मी खाटंवरनं हाका मारल्या, "आई, तसलं काय नसतंय"… ती माज्याकडं बघायची, माज्या अंगाकडं बघायची, आन् परत परड्यात. मला कळंना, ही माज्यावर रागावलीया का माज्यासाठी भ्यालीया. अडीच वर्सं मी वाळत चाललोय ह्ये तिनं रोज बघितलं हुतं. आता तिला वाटलं, उरलासुरला बी झुरत जाणार, झालं. आईला घोर लागलाय आन् मला उठून तिच्यापाशी जाता येईना… लय वंगाळ वाटलं.

दुपारची येळ. विजयमाला दुकानाकडं गेल्याली. माजा डोळा लागल्याला. जाग आली ती कसल्या तरी वासानं… करपट, तेलकट. डोळं उघडलं तर खाटंच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला फलटणची आत्ती. सकाळच्या यस्टीनं आल्याली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात कणकेचा दिवा, पेटवल्याला!

मी म्हणलं, "आत्ती, न्हाई… आत्ती, आगं टाके हाईत." ती म्हणली, "लाला, गप पड, बारका हुतास तवा बी असाच बोंबलायचास." आन् आईनं पट्ट्याला हात घातला. आता माजी अवस्था बगा. उठता येत न्हाई. पाय झाडता येत न्हाई. वरडाय गेलो तर पोटात कळ. ढकलाय गेलो तर टाके तुटणार. ज्या गड्यानं पंचक्रोशीच्या फडात भल्या भल्यांना आसमान दाखवलं, त्याला दोन म्हाताऱ्यांनी… दोघींचं मिळून वजन माज्या एका मांडीएवढं नसंल… खाटंवर चीत केला हुता. आन् ह्यात सगळ्यात वाईट काय असंल तर मला हसू यायला लागलं! उशी कुठाय? उशी खाली पडल्याली. टाके हाईत… टाके हाईत… म्हणतोय आन् हसतोय, हसतोय आन् कळवळतोय, डोळ्यातनं पाणी, आन् पट्ट्याचं हुक एकेक सुटतंय… टक, टक, टक.

पट्टा निघाला.

आन् दोघी एकदम थांबल्या.

त्यांनी तवर बघितलंच नव्हतं. हर्नियासारखं बारीकसं, एवढंच डोक्यात बसलं हुतं त्यांच्या. ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर एवढी लांब शिवण, कातड्यात शिरल्याल्या दोन नळ्या, आन् मधी बेंबीभवती बारीक टाक्यांचं गोल कडं. आत्तीच्या हातातला तांब्या तिथंच ऱ्हायला. तिनं फुंकर मारून दिवा इझवला, खाली ठेवला आन् म्हणली, "वयनी, ह्ये माज्या हातचं न्हाई." एवढंच बोलली आन् भिताडाला टेकून बसली.

आई उभी ऱ्हायली. बघत ऱ्हायली. मी म्हणलं, आता रडतीया. रडली न्हाई. हळू आवाजात म्हणली, "लाला, ह्या एका जाग्यावर तू मला जोडल्याला हुतास रं. बाकी समदं तुजं. हात तुजं, पाय तुजं, खाऊन वाढवलीस ती ढेरी तुजी, चालून घालवलीस ती बी तुजी. पर बेंबी तेवढी माजी हुती. ती हालवायच्या आदी मला एकदा इचारायचं तरी हुतंस."

 हसायला मनाई, खोकायला मनाई, शिंकायला मनाई, समदं सांगितलं मॅडमनी, पर रडलं तर बी टाके वढत्यात ह्ये सांगायला इसरल्या हुत्या. तिनं उशी उचलून माज्या पोटाशी दिली, पट्ट्याचं हुक होतं तसं परत लावलं, सावकाश, आन् म्हणली, "नळ्या काढायला जाशील तवा मी येणार. मला त्या बाईला इचारायचंय."

गेलो मग. पलूस ते सांगली, पुतण्याची गाडी, म्होरं मी, मागं आई, आत्ती आन् विजयमाला. त्या रस्त्याला गतिरोधक किती हाईत त्ये तुमाला गाडीच्या टायरावरनं कळायचं न्हाई, त्यासाठी पोटाला टाके पायजेत. एकेक आला की मी उशी आवळायचो आन् मागनं आत्ती म्हणायची, "अगं आई गं," जणू टाके तिलाच हाईत.

मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम हसून म्हणल्या, "या काका, कसं वाटतंय?" मी त्वांड उघडायच्या आत आई म्हणली, "बाई, ह्याची बेंबी हालवायच्या आदी तुमी परवानगी कुणाची घेतली?" मॅडमनी माज्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्या म्हणल्या, "आजी, त्यांची सही घेतली आहे ना." आई म्हणली, "सही त्येची आसंल. बेंबी माजी हाय."

मला वाटलं, आता ही पोरगी हसणार. हसली असती तर… आईनं परत त्या दवाखान्याची पायरी चढली नसती, आन् मला बी चढू दिली नसती. पर ती हसली न्हाई वो. वळून खुर्ची वढली, आईच्या म्होरं बसली, आन् स्वताच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण धरलं. म्हणली, "आजी, हे बटण म्हणजे बेंबी. ही आतून पक्की असते, तिला मी हात लावलेला नाही, ती हलत नाही. मी फक्त कापड ओढलं." आन् तिनं कोटाचं कापड खाली वढलं. "कापड खाली आलं, जुनं काज बाजूला गेलं, मग बटण बाहेर यायला मी तिथंच नवं काज केलं. बटण तुम्ही जिथं लावलं होतं तिथंच आहे."

आईनं त्या बटणाकडं बघितलं. कापडाकडं बघितलं. आमची आई शिलाई मशीनवर परकर-पोलकी शिवत आल्याली बाई, तिला काज म्हणलं की कळतंय. म्हणली, "म्हंजे बेंबी सरकली न्हाई?"

"नाही आजी."

"हा तेवढा सरकला?"

"सगळे काका सरकले. बेंबी नाही."

तुमाला सांगतो, आईनं जो श्वास सोडला… त्यो किती दिस धरला हुता कुणास ठाऊक. तिचं खांदं खाली आलं. माजं बी आलं. साठ किलो उतरवलं तवा जेवढं हलकं वाटलं नव्हतं तेवढं त्या खुर्चीत वाटलं, खरंच सांगतो. मागनं आत्ती म्हणली, "बगा, तांब्या घातला न्हाई त्येच बरं केलं." जणू तिचाच सल्ला हुता.

मग मॅडमनी नळ्या काढल्या. पोटातनं सरसर सरसर कायतरी लांबलचक निघून गेलं आन् मी मोकळा झालो. आई जवळ आली, बेंबीवर हळूच बोट ठेवलं, म्हणली, "कळतंय का?" आता खरं सांगू? कायबी कळत नव्हतं. तिथलं कातडं अजून बधिर हाय, मॅडमनी सांगितलंय, जाण यायला म्हैनं लागत्यात. मी म्हणलं, "व्हय, कळतंय." मॅडमनी माज्याकडं बघितलं. त्यांना ठावं हुतं. पर त्या आपलं ट्रेमधली कात्री नीट ठेवत बसल्या. लय गुणाची पोरगी.

येताना आई बोलत हुती. किती दिसांनी! गाडीतनंच फोन… मंगलवयनीला फोन, दूधवाल्याच्या आईला फोन, म्हायेरला फोन, "बेंबी जाग्यावर हाय." "आवं न्हाई सरकली, काज नवं केलंय." मी म्हणलं, आई, जगाला कशाला? ती म्हणली, "समद्यांना घोर लागला हुता." समद्यांना! हर्निया म्हणून झाकल्यालं ऑपरेशन, आन् आमी घरी पोचायच्या आत आख्ख्या पलूसला ठावं की लालासाहेबाची बेंबी जाग्यावर हाय!

आन् आता तवापास्नं काय चाललंय, ऐका. टाके निघालं, वाकून चालायचं बंद झालं, पट्टा तेवढा हाय. वीस वर्सं मी ज्या पोटाला हवा लागू दिली न्हाई, बनियन घालून आंघूळ केली, कृष्णाकाठी कापडं राखत बसलो… त्या पोटाचं आता आमच्या पडवीत दर्शन हाय. सकाळ संध्याकाळ! म्हाताऱ्या येत्यात. चहा घेत्यात. आई म्हणतीया, "लाला, शर्ट वर कर रं." मी वर करतो. काय करू? पट्टा वाईच खाली, शर्ट वर, उभा ऱ्हातो. म्हाताऱ्या चष्मा लावत्यात, वाकून बघत्यात, आई बोट लावून दाखवतीया, "ह्ये बटण. ह्ये काज." आन् लाज… आदी वाटली. पर आता त्यात लाजण्याजोगं कायबी ऱ्हायलंच न्हाई की! पोट हाय, बेंबी हाय, जाग्यावर हाय. परवा एकटा असताना मी स्वताच शर्ट काढून आरशाम्होरं उभा ऱ्हायलो. विजयमाला मागनं म्हणली, "आवं, पुरं झालं की आता." मॅडमनी परवानगी दिली की कृष्णंला जाणार हाय मी, आन् कापडं राखायला जोतीरामला बसवणार हाय. आता त्याला बी सर्दी व्हायची येळ आलीया.

पर काल मातूर घात झाला. वरच्या गल्लीतली थोरली म्हातारी आली. तिनं बघितलं, लय येळ बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आन् म्हणली, "बेंबी झ्याक हाय गं. पर पोरगं लय वाळलंय. खायला घालत न्हाईस व्हय?"

आन् आई उठली. ती कुठं निघाली त्ये मला बघायला लागलं न्हाई… फळीवरच्या डब्याचं झाकण वाजलं. म्हणली, "आता बेंबी जाग्यावर हाय म्हणल्यावर खायला काय हुतंय?"

तवा तुमी बी या. खुशाल बगून जावा, आता हसा बी, मी बी हसतो, टाके निघालं. फक्त जाताना एकेक डिंकाचा लाडू उचला म्हंजे झालं… माज्याकडं ठेवायला जागा न्हाई. हुती ती मॅडमनं कापून नेली.